टर्मिनलमध्ये चालतं, मग प्लगइनमध्ये का नाही?

“अहो, मशीनवर आहे की झेलाटेक! टर्मिनलमध्ये मस्त चालतंय. तुमचं ते प्लगइनच भंगार आहे.” हे इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा ‘अहो’ म्हणाला की पुढचं मला पाठ असतं.

नांदेड-लातूरकडे नीट-जेईईच्या क्लासेसमुळे प्रश्नपत्रिकांचं काम बारमाही असतं. त्यातलं थोडं मुदखेडच्या डीटीपीवाल्यांपर्यंतही येतं. उबुंटू फुकट, आकृत्या काढायचं इंकस्केप फुकट. आकृतीत समीकरण बसवायचं तर टेक्सटेक्स्ट नावाचं प्लगइनही फुकट. हे प्लगइन स्वतः समीकरण जुळवत नाही. ते मशीनवरच्या झेलाटेक या समीकरणं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला हाक मारतं, त्याच्याकडून पीडीएफ घेतं आणि आकृतीत आणून ठेवतं. घोडं अडतं ते या हाकेपाशी. पडद्यावर येतं: झेलाटेक सापडला नाही.

वस्तुस्थिती अशी की उबुंटूच्या ॲप सेंटरमधून टाकलेलं इंकस्केप बहुतेक वेळा स्नॅप नावाच्या पॅकेजात असतं, आणि हे स्नॅप बंदिस्त आहे. त्याला तुमच्या मशीनची मूळ फाइल-रचना दिसतच नाही. दिसते ती स्नॅपसोबत आलेल्या वेगळ्या पायाभूत संचाची. काही जण हुशारी करून प्लगइनच्या सेटिंग्जमध्ये झेलाटेकचा पूर्ण पत्ता भरतात आणि तरीही तीच चूक आली की चक्रावतात. पत्ता बरोबरच आहे, पण त्याच नावाचा फोल्डर आतही आहे आणि त्यात झेलाटेक नाही. एक नंबरचा प्लॅटफॉर्म मुदखेडलाही आहे आणि नांदेडलाही. नांदेडच्या एकवर लागलेली गाडी मुदखेडच्या एकवर उभं राहून मिळेल का?

विश्वास नसेल तर स्वतः बघा. टर्मिनलमध्ये ‘स्नॅप रन --शेल इंकस्केप’ ही आज्ञा द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत). आता तुम्ही इंकस्केपच्या कुंपणाच्या आत आहात. इथे ‘व्हिच झेलाटेक’ विचारा. उत्तर कोरं. ‘एक्झिट’ करून बाहेर या, तोच प्रश्न पुन्हा विचारा, पत्ता हजर. एवढ्या दोन ओळींत वाद मिटतो, पण लोक त्याऐवजी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर झेलाटेक ज्यात येतो तो टेक्स लाइव्हचा अख्खा संच पुन्हा उतरवत बसतात. काही जीबींचा डेटा जातो आणि झेलाटेक होता तिथेच पुन्हा येऊन बसतो, कुंपणाबाहेर!

“मग माझा मुक्ता फॉन्ट कसा दिसतो आत?” हा मात्र शहाणा प्रश्न. फॉन्टसाठी मुद्दाम फट ठेवलेली आहे. स्नॅपमध्ये अशा परवानग्या एकेक करून जोडलेल्या असतात, आणि ‘डेस्कटॉप’ नावाच्या परवानगीतून बाहेरचे फॉन्ट आत दिसतात. प्रोग्रॅम चालवण्यासाठी तशी फट नाही. यात प्लगइन लिहिणाऱ्याचा दोष शून्य. स्नॅपमधल्या इंकस्केपबरोबर हे चालणार नाही, असं टेक्सटेक्स्टच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. वाचतो कोण?

बाकीचे गैरसमज पटापट उरकू. ‘सुडो लावून चालवा’: सुडोने वापरकर्ता बदलतो, कुंपण तिथेच राहतं, वर फाइली रूटच्या नावावर जातात आणि दुसऱ्या दिवशी सेव्ह होत नाहीत, ही वेगळीच कटकट. ‘--क्लासिक लावून पुन्हा टाका’: ज्या स्नॅपच्या कर्त्याने ती सोय ठेवलेली नाही, तिथे हा पर्याय दुर्लक्षिला जातो. ‘स्नॅपऐवजी फ्लॅटपॅकचं पॅकेज घ्या, त्यात सगळ्या फाइलींची परवानगी देता येते’: देता येते, पण फ्लॅटपॅकच्याच दस्तऐवजांत म्हटल्याप्रमाणे त्या ‘सगळ्या’त मशीनचे प्रणाली-फोल्डर येत नाहीत. तिथे ‘फ्लॅटपॅक-स्पॉन’ वापरून बाहेरची आज्ञा चालवता येते. पण त्यासाठी प्लगइनमध्ये तशी सोय हवी, आणि ती परवानगी दिली की कुंपण नावापुरतंच उरतं. कुणाच्या प्लगइनला एवढी मोकळीक द्यायची, याचा आधी विचार करा. ‘हे लिनक्सवाल्यांचंच खूळ आहे’: मॅक ॲप स्टोअरने 2012 पासून असंच कुंपण सक्तीचं केलंय.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच बहुधा कुणाला पटत नाही. स्नॅपचं इंकस्केप काढा आणि तेच ॲप्टने, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या पॅकेज-आज्ञेने टाका. तुमची चित्रं डॉक्युमेंट्समध्ये असतील तर त्यांना धक्का लागत नाही. प्लगइन मात्र पुन्हा टाकावं लागेल, कारण या इंकस्केपचा सेटिंग्जचा फोल्डर वेगळा असतो. टेक्सचाही अख्खा संच नको. मराठी मजकूर आणि समीकरणांसाठी झेलाटेक ज्यात येतो ते झेटेकचं पॅकेज आणि एक चांगला देवनागरी फॉन्ट एवढ्यावर बहुतेक काम निभावतं.

काही कारणाने स्नॅपच ठेवायचं असेल तर प्लगइनचा नाद सोडा. समीकरणाची पीडीएफ टर्मिनलमधून बनवा आणि इंकस्केपमध्ये इम्पोर्ट करा. ती पीडीएफ डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, टेम्पमध्ये नको. स्नॅपचा टेम्प फोल्डरही त्याचा स्वतःचा, वेगळा असतो. होममधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांतही नको, तेही त्याला उघडता येत नाहीत.