आखडलेला खांदा

खांद्याच्या सांध्याभोवतीचा लवचीक संधिकोश सुजून जाड झाला आणि आक्रसला, की खांदा आखडतो. या ‘फ्रोझन शोल्डर’चा त्रास बहुधा 40 ते 60 या वयात होतो, स्त्रियांमध्ये अधिक. मधुमेह वा थायरॉइडचा विकार असल्यास धोका वाढतो. फ्रॅक्चरनंतर हात बरेच दिवस झोळीत राहिला तरीही.

सुरुवातीचे काही महिने वेदनेचे असतात. त्या कुशीवर झोपवत नाही. मग दुखणे ओसरते, पण ताठरपणा उरतो. वेणी घालणे, ब्लाउजचे हूक लावणे, मागच्या खिशातले पाकीट काढणे अवघड होते. हालचाल हळूहळू परतते, पण त्याला एक ते तीन वर्षेही लागू शकतात.

निदानाची खूण साधी आहे: दुसऱ्याने उचलला तरी हात पुरता वर जात नाही. स्नायूची कंडरा फाटली असेल, तर स्वतःला उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलल्यास सहसा जातो. एक्स-रेमध्ये बहुधा दोष दिसत नाही.

शेक, वेदनाशामके आणि नियमित व्यायाम हा उपचाराचा पाया. पुढे वाकून हात सैल झुलवावा, भिंतीवर बोटे हळूहळू वर सरकवावीत. वेदना तीव्र असताना हिसके देऊन हात ओढणे किंवा जोरात रगडणे अपायकारकच. पहिल्या टप्प्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन उपयोगी पडते; मधुमेहींनी त्यानंतर काही दिवस साखर तपासत राहावी.

खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तात्काळ रुग्णालय गाठावे.