पिकअप मागून बसली? पाटा वाढवण्याआधी हे वाचा

उलवे : हौदा मागे टेकलेला, बोनेट आभाळाकडे आणि रात्री हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यात. अशी जुनी पिकअप उलवे, वहाळ, गव्हाण भागात रोज दिसते. विमानतळासाठी उलव्यासकट दहा गावं उठली, भातशेती गेली, आणि कित्येक पोरांनी रेती-विटा-सिमेंटच्या वाहतुकीसाठी जुन्या पिकअप घेतल्या. गाडी बसली की सगळ्यांचा एकच सल्ला असतो, "एक पाटा वाढव."

मी पण वाढवला होता. गाडी मस्त सपाट झाली. पण भाताची पोती भरून निघालो की ब्रेकला गाडी लांब जायला लागली. दोन महिने मी ब्रेक लायनरलाच दोष देत होतो. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून दाखवलं. बऱ्याच पिकअपला मागच्या अक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अक्सलला जोडलेली असते. चेसी आणि अक्सलमधलं अंतर बघून तो लोड ओळखतो. अंतर कमी झालं की माल भरलाय असं समजून तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. मी पाटा वाढवला, त्यामुळे भरलेली गाडीसुद्धा वरच राहिली. व्हॉल्व्हला वाटलं गाडी रिकामी आहे. मागचा ब्रेक कमी, सगळा भार पुढच्या चाकांवर. म्हणून पाटे बदलले की हा व्हॉल्व्ह नव्याने सेट करून घ्यायचाच. मिस्त्रीला आपणहून सांगा, बरेच जण विसरतात.

आता गाडी खरंच बसली आहे का ते आधी बघा. सपाट जागा, गाडी रिकामी, हवा बरोबर. चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, दोन्ही बाजू. एकच बाजू खाली असेल तर पाटा तुटलेला किंवा बुश, शॅकल गेलेला असू शकतो. तिथे नवा पाटा घालून उपयोग नाही, तुटका काढावा लागेल. दोन्ही बाजू सारख्या खाली असतील तर पाट्यांचं पोलाद दमलंय, कमान सपाट झालीय. काही जण तेच पाटे भट्टीत तापवून परत कमान चढवतात. नीट पाणी दिलं नाही तर ते पुन्हा बसतात. माझ्या मते जुन्या गाडीला दोन्ही बाजूंचे पाटे जोडीनेच नवे घालावेत. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला जुना घातला तर गाडी तिरकी चालेल.

काम घरी करणार असाल तर एक गोष्ट जिवावरची आहे. टू व्हील ड्राइव्ह पिकअपला इंजिनची ताकद मागच्या चाकांना, आणि हँडब्रेक पण बहुतेक मागेच. मागची चाकं उचलली की गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निकामी. पुढची चाकं मोकळी फिरतात. त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावल्याशिवाय जॅक लावू नका. चेसी लोखंडी घोड्यांवर टेकवा, अक्सलखाली वेगळा जॅक ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी.

पाट्यांच्या गड्डीचा सेंटर बोल्ट खोलायच्या आधी ती शिकंज्यात आवळून धरा, नाहीतर पाटे उसळून तोंडावर येतात. गंज घासून काढा. जास्तीचा पाटा लांबीच्या क्रमानेच जाईल. यू-बोल्ट जुनेच परत वापरू नका, आवळून आवळून ते ताणलेले असतात. नवे आणा, थोडे थोडे करत आडवे-तिडवे आवळा. बुशचे बोल्ट मात्र गाडी जमिनीवर उतरवल्यावर शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळून लवकर फाटतं. उंची वाढवायला अक्सलवर लाकडी ठोकळा घालणारे पण पाहिलेत मी. तो फुटला तर यू-बोल्ट ढिले पडून अक्सल सरकेल.

एक पाटा वाढला म्हणजे पासिंगचं वजन वाढत नाही. आरसी बुकात लिहिलंय तेवढंच. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, जास्तीचा माल उतरवायचा खर्च वेगळा. शिवाय जड पाट्यांवर रिकामी गाडी टणटण उडते. पावसात, चिखलाच्या रस्त्यावर मागचं हलकं चाक आधी घसरतं. रोज भरूनच जात असाल तर ठीक, पण महिन्यातून चार फेऱ्याच मारणाऱ्याने जेवढे पाटे कंपनीने दिले तेवढेच नवे घालावेत.

काम झाल्यावर हेडलाइट नव्याने सेट करून घ्या. रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारून बघा, आधी रिकामी गाडी, मग भरलेली. आणि शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळा. नवे पाटे बसले की ते हमखास थोडे ढिले होतात.