मोटारसायकलचे पारपत्र

उत्तर प्रदेशातील सोनौली हे गाव भारत आणि नेपाळ यांच्या सीमेवर वसलेले आहे. या गावातून उत्तरेस जाणारा रस्ता सरळ नेपाळात शिरतो. दिवसभर त्यावरून माणसांची ये-जा चालू असते. कोणी डोक्यावर गाठोडे घेऊन निघालेला असतो, कोणी मुलाचा हात धरून चाललेला असतो, तर कोणी लुंबिनीच्या दर्शनास जात असतो. भारतीय नागरिकास नेपाळात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. ओळखपत्र जवळ असले म्हणजे पुरते. परंतु त्याच रस्त्याने एखादा तरुण मोटारसायकलवरून आला, की त्याला मात्र थांबावे लागते. नेपाळच्या जकात-कचेरीस तेथे ‘भन्सार’ म्हणतात. त्या कचेरीत जाऊन तो गाडीची कागदपत्रे दाखवतो, किती दिवस राहणार ते सांगतो, तितक्या दिवसांचे शुल्क भरतो आणि हातात चिठ्ठी पडल्यावरच पुढे निघतो.

माणूस मोकळा आणि गाडी मात्र अडलेली, हे कसे? मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर सापडले, की परदेशी प्रवासाचे निम्मे नियम आपोआप उलगडतात.

गाडी ही विकता येण्याजोगी वस्तू आहे. परदेशातून विक्रीसाठी येणाऱ्या गाडीवर बहुतेक देश जकात आकारतात. प्रवासी म्हणून आलेल्या मनुष्याने आपली गाडी तेथेच विकली आणि तो रिकाम्या हाताने परतला, तर ती जकात बुडते. म्हणून सीमेवरचा अधिकारी विचारतो, “ही गाडी परत जाईल, याची हमी काय?” काही देशांत तर माणूस आणि गाडी यांची गाठच बांधून टाकतात. तुर्कस्तानात परदेशी वाहन ज्याने आणले, त्याच्या नावावर त्याची नोंद होते; मग ते वाहन मागे ठेवून त्याला सहजासहजी देश सोडता येत नाही.

आता समजा, नाशिकचा एक तरुण आपल्या मोटारसायकलवरून दूरदूरचे देश पाहावयास निघाला आहे. प्रत्येक सीमेवर जकातीएवढी रक्कम अनामत ठेवायची, तर त्याच्याजवळ पैशाची पेटीच हवी! ही अडचण दूर करण्यासाठी एक खास पुस्तिका असते. तिला ‘कार्नेट’ म्हणतात. वाहने तात्पुरती परदेशी नेण्याविषयी १९५४ साली न्यूयॉर्क येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. या पुस्तिकेचे नियम त्यात दिलेले आहेत. ही पुस्तिका मोटारचालकांची अधिकृत संस्था देते. पण फुकट नव्हे! प्रवाशाला आधी संस्थेकडे हमीची मोठी रक्कम किंवा बँकेची हमी ठेवावी लागते. काही देशांची जकात इतकी जबर असते, की ही हमी गाडीच्या किमतीपेक्षाही अधिक होऊ शकते.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. गाडी देशात शिरताना अधिकारी शिक्का मारून एक भाग फाडून घेतो. गाडी बाहेर पडताना दुसरा भाग फाडून घेतला जातो. तिसरा भाग म्हणजे स्थळप्रत. तो पुस्तिकेतच राहतो आणि त्यावर येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही शिक्के उमटतात. हे दोन शिक्के म्हणजे त्या देशाचा हिशेब चुकता झाल्याची पावती. घाईगर्दीत जाण्याचा शिक्का राहून गेला, तर कागदोपत्री गाडी त्याच देशात राहिली असे ठरते आणि जकातीची मागणी घरी येऊन धडकते. म्हणूनच जाणते प्रवासी शिक्का डोळ्यांनी पाहिल्यावाचून सीमेवरून हलत नाहीत.

पण वाटेत अपघात होऊन गाडीचा चुराडा झाला तर? तरीही ती रस्त्याकडेला टाकून येता येत नाही. १९५४ च्या करारात याचाही विचार केलेला आहे. अशा वेळी जकात भरावी, नाही तर मोडकी गाडी त्या देशाच्या सरकारच्या स्वाधीन करावी, किंवा अधिकाऱ्यांच्या देखत ती नष्ट करावी. यांपैकी कोणता मार्ग धरावयाचा, ते तेथील जकात-अधिकारी ठरवतात.

गाडीची हमी झाली. आता चालवणाऱ्याविषयी दुसरा प्रश्न येतो, “याला गाडी चालवता येते कशावरून?” नाशिकचा परवाना मराठी मुलखात ओळखीचा, परदेशातील पोलिसाला तो कसा वाचता येणार? यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन-परवाना काढतात. १९४९ साली जिनीव्हा येथे रस्ता-वाहतुकीचा करार झाला, त्यात याचा नमुना ठरलेला आहे. आपल्याकडे हा परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो व त्याची मुदत अधिकात अधिक एक वर्ष असते. मूळ परवान्यातील माहिती त्यात इतर भाषांतूनही दिलेली असते. वाहनांच्या प्रकारांना त्यात अक्षरे नेमून दिली आहेत. मोटारसायकलचे अक्षर ‘ए’. ‘ए’ पुढे शिक्का नसेल, तर मोटार चालवण्यात कितीही तरबेज असलेला मनुष्य मोटारसायकलवर बसू शकत नाही. शिवाय हा परवाना एकटा चालत नाही. मूळ परवाना सोबत बाळगावाच लागतो. आणि तो सर्वत्र मान्य आहे असेही नाही. चीनमध्ये परदेशी माणसाला तेथील स्थानिक परवानाच घ्यावा लागतो. म्हणून ज्या देशात जायचे, त्या देशाचे नियम आधी वाचावेत.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर. “तुझ्या हातून आमच्या माणसाला इजा झाली, तर भरपाई कोण देईल?” याचे उत्तर म्हणजे विमा. आपल्याकडचा नेहमीचा विमा सीमेपलीकडे सहसा चालत नाही. युरोपात यासाठी ‘ग्रीन कार्ड’ नावाचे विम्याचे प्रमाणपत्र आहे. पूर्वी ते हिरव्याच कागदावर छापलेले असावे लागे. आता पांढऱ्या कागदावरही चालते, पण नाव मात्र हिरवेच राहिले! ते जवळ नसेल, तर अनेक देशांत सीमेवरच विमा विकत घेता येतो.

याखेरीज पारपत्र, जेथे लागेल तेथे व्हिसा आणि गाडीचे नोंदणीपत्र हवे. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे जकात-अधिकारी वाकून पाहतात. त्यात एका अंकाची चूक असली, तरी प्रवास तेथेच खुंटतो. आफ्रिकेतील काही देशांत पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला मागतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी तो दाखला लागू होतो. म्हणून आदल्या दिवशी दवाखान्यात धावून उपयोग नाही. गाडीच्या मागे पांढऱ्या लंबवर्तुळात काळ्या रोमन अक्षरांनी देशाची खूण लावतात. भारताची खूण ‘आय एन डी’ अशी आहे.

कागद झाले, तरी तयारी संपली नाही. सुटे ट्यूब, पंक्चर काढण्याचे सामान, क्लचची तार, साखळीचे दुवे आणि हत्यारे बरोबर हवीत. आणि ती वापरण्याची सवय घरीच झालेली हवी. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. इराण, तुर्कस्तान आणि युरोपातील बहुतेक देशांत उजव्या बाजूने जातात. दमलेल्या मनुष्याचा हात सकाळी नकळत जुन्या बाजूस वळतो आणि तोच क्षण घात करतो. म्हणून पहिले काही दिवस प्रत्येक वळणावर स्वतःला बजावावे लागते.

टेड सायमन नावाच्या इंग्रज पत्रकाराने १९७३ ते १९७७ या काळात मोटारसायकलवरून जगप्रवास केला आणि ४५ देश पाहिले. अशा प्रवासाची हकिगत ऐकताना आपल्याला वाळवंटे, नद्या आणि डोंगर दिसतात. सीमेवरच्या कचेरीतील वाट पाहणे दिसत नाही. पण ते सोसल्यावाचून पुढचा डोंगर दिसत नाही.

आपला नाशिकचा तरुण वर्षभराने परत येतो. गाडी धुळीने माखलेली असते. घरी विसावा घेतल्यावर तो कार्नेटची पुस्तिका संस्थेकडे नेऊन देतो. तेथील कारकून एकेक पान उलटतो. येण्याचा शिक्का, जाण्याचा शिक्का; येण्याचा शिक्का, जाण्याचा शिक्का. एकही जागा रिकामी नाही. मगच हमीची रक्कम मोकळी होते. ज्या ज्या देशाने त्याला पाहुणा म्हणून आत घेतले, त्या त्या देशाला दिलेला शब्द त्याने पाळला, हेच ती पाने सांगत असतात. त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या भारतीय प्रवाशाला सीमेवरचा अधिकारी कोणत्या नजरेने पाहील, हेही पुष्कळसे त्या शिक्क्यांवर अवलंबून असते.