संगणकाचा पडदा काळाच राहिला तर

आपल्या आजोबांच्या काळीं घरांतील दस्तऐवज, जन्मपत्रिका आणि खर्चाच्या वह्या ज्या एका कुलूपबंद कपाटांत असत, त्या कपाटाचें स्थान आज पुष्कळ घरांत टेबलावरील संगणकानें घेतलें आहे. म्हणूनच एखाद्या सकाळीं बटण दाबावें, आंतील पंखा फिरूं लागावा, दिवाहि लागावा, परंतु पडदा मात्र काळाच राहावा, असें झालें कीं सबंध घराचा चेहरा उतरतो. मुलीचा परीक्षेचा अर्ज, सुनेचें कचेरीचें काम, धाकट्याच्या मुंजीचीं छायाचित्रें, सर्व कांहीं त्या काळोखांत गडप झाल्यासारखें वाटतें. “सगळें गेलें!” हा पहिला उद्गार, आणि “दुकानांत टाकून या” ही पहिली आज्ञा. दोन्हीं गोष्टी घाईच्या आहेत.

पडदा ही संगणकाची केवळ दर्शनी बाजू होय. आपण सांठविलेला मजकूर पडद्यांत नसतो. तो पेटींतील हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतो. बटण दाबल्यानंतर पहिल्या कांहीं क्षणांत आंत काय घडतें हें एकदां समजून घेतलें, म्हणजे निम्मी भीति आपोआप जाते.

भिंतींतून येणारी २३० व्होल्टची वीज प्रथम पेटींतील एसएमपीएस नांवाच्या डब्यांत शिरते व तेथें तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे सौम्य प्रवाह होतात. हे प्रवाह स्थिर झाले कीं प्रोसेसर जागा होतो. जागा झाल्यावर तो डिस्ककडे जात नाहीं. मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्यें कायमचा लिहिलेला कार्यक्रम तो प्रथम वाचतो, आणि त्याबरहुकूम मेमरी, चित्र उमटविणारा भाग, कीबोर्ड यांची परीक्षा घेतो. या परीक्षेस ‘पोस्ट’ म्हणतात. आयबीएम कंपनीनें ऑगस्ट १९८१ मध्यें आपला पर्सनल कॉम्प्यूटर बाहेर काढला, त्यांतहि ती होतीच. परीक्षा पार पडली, म्हणजे पडद्यावर कारखानदाराचें नांव झळकतें. आणि मगच डिस्कवरील विंडोज अगर लिनक्स यांस पाचारण होतें.

तेव्हां काळा पडदा पाहणारानें स्वतःस विचारावयाचा प्रश्न एकच: कारखानदाराचें नांव तरी दिसलें काय? तें दिसलें नसेल, तर दोष बहुधा डिस्कपर्यंत पोंचण्यापूर्वींचाच आहे. अशा वेळीं “फॉरमॅट करावें लागेल” असें कोणी सांगूं लागल्यास त्याचें ऐकूं नये. दाराची कडी अडकली म्हणून माजघरांतील कोठार रिकामें करण्यासारखें तें आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हा प्रसंग ऐन श्रावणांत ओढवला. घरांतील आजोबा सात वर्षें गांवोगांव पत्रें पाठवून कुलवृत्तांताची माहिती जमवीत होते, आणि ती सर्व त्या एका यंत्रांत होती. (दुसरी प्रत नव्हती, ती कोणत्याहि घरीं क्वचितच असते.) दुकानदारानें पेटीवर हात ठेवून फॉरमॅटचा उपाय सांगितला. थोरल्या सूनबाईंनीं मात्र विचारलें, “अहो, कंपनीचें नांवसुद्धां येत नाहीं, मग डिस्क पुसून काय होणार?” पेटी परत घरीं आली. दमट हवेनें मेमरीच्या पट्टीच्या कडा काळवंडल्या होत्या, इतकेंच! त्या पुसून पट्टी पुन्हां बसवितांच पडदा उजळला.

अर्थात् पट्टीला हात घालण्यापूर्वीं सोप्या गोष्टी पाहाव्या. मॉनिटरला स्वतंत्र वीज लागते, तिची पिन सैल नाहीं ना? कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो व विझतो काय, तें पाहावें. लागत असल्यास यंत्र जागें आहे आणि दोष मॉनिटरकडे किंवा केबलकडे असण्याचा संभव अधिक. खोलींत अंधार करून पडद्यावर तिरकी विजेरी धरावी. पुसट चित्र दिसलें, तर मॉनिटरच्या मागचा प्रकाशच गेला आहे असें समजावें. आणखी एक चूक वारंवार आढळते. पेटींत वेगळें ग्राफिक्स कार्ड असतां झाडलोट झाल्यावर केबल मदरबोर्डच्याच खांचेत खोंवली जाते. ती कार्डाच्या खांचेत हवी.

पडदा मुका असला तरी पुष्कळ यंत्रांस वाचा असते. पेटींत छोटा स्पीकर असेल, तर परीक्षेंत नापास झालेला भाग शिटीच्या खुणेनें कळतो. शिट्यांची भाषा कारखान्यागणिक निराळी असते; तथापि अनेक यंत्रांत एक लांब व दोन आंखूड शिट्या म्हणजे चित्र उमटविणाऱ्या भागाचा दोष. वृत्तें शिकलेल्या आमच्या वाचकांस हा भगण लक्षांत ठेवणें जड जाऊं नये. नव्या मदरबोर्डांवर शिटीऐवजीं बारीक दिवे असतात, व त्यांच्याशेजारीं दोषी भागाचें नांव छापलेलें असतें.

मेमरीची पट्टी काढावयाची झाल्यास प्रथम प्लग उपसावा, पेटीचें बटण दहा सेकंद दाबून धरावें, आणि अंगांतील स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या पत्र्यास हात लावावा. पट्टीच्या टोकाची खिटी मागें सारली कीं ती सुटते. सोनेरी कडा स्वच्छ खोडरबरानें हलकेच पुसून, तिची खांच जुळवून, ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत ती दाबावी. पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून पाहावी. रुपयाएवढा ३ व्होल्टचा सेल मदरबोर्डवर असतो. तोहि पांच मिनिटें काढून ठेवल्यास कित्येकदां बिघडलेल्या जुळण्या पूर्ववत् होतात. यानंतर डीडीआर५ मेमरीचीं यंत्रें पहिल्या खेपेस कांहीं मिनिटें काळींच राहतात. धीर धरावा. एसएमपीएसचा डबा मात्र कोणीं कधींहि उघडूं नये. प्लग काढल्यावरहि त्यांत प्राणघातक वीज सांठलेली असूं शकते.

नांव दिसून नंतर पडदा काळा झाला, तर प्रकरण निराळें. तेथें विंडोजकडे पाहावें. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबल्यास चित्राची व्यवस्था नव्यानें सुरू होते. त्यानें न भागल्यास, सुरू होतां होतां दोनतीनदां यंत्र बंद केलें म्हणजे दुरुस्तीचें पान येतें. तेथून सेफ मोडमध्यें जाऊन चित्राचा जुना ड्रायव्हर परत घालतां येतो.

आणि नांवच दिसत नाहीं म्हणून पेटी दुकानांत न्यावयाचीच झाली, तर डिस्क आधीं काढून घरच्या कपाटांत ठेवावी. ‘पोस्ट’ची परीक्षा डिस्कवांचूनहि होते, त्यामुळें दुरुस्ती करणाराचें तिच्यावांचून कांहीं अडत नाहीं.