चिघळलेली जखम आणि चांदीची पट्टी

कोजागिरीच्या सुमारास तुळजाभवानीच्या दर्शनासाठी सोलापूरहून सुमारे 45 किलोमीटर चालत, अनेकदा अनवाणी, तुळजापूर गाठण्याची प्रथा धाराशिव जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेली आहे. या वाटेवर तळपायाला येणारे फोड बहुतेकांचे काही दिवसांत सुकतात. मात्र दीर्घकाळच्या मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना बोथट झालेली असते, त्यांना फोड फुटल्याचे किंवा बाभळीचा काटा रुतल्याचे कळतही नाही, आणि ओल किंवा दुर्गंध जाणवेपर्यंत जखमेत जंतूंनी बस्तान मांडलेले असते.

अशा वेळी सुचवल्या जाणाऱ्या चांदीयुक्त पट्टीचे काम समजण्याजोगे आहे. धातुरूप चांदी जवळजवळ निष्क्रिय असते, पण जखमेतील ओलाव्याच्या संपर्कात तिच्यापासून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटतात आणि ते जंतूंच्या आवरणाला व प्रथिनांना चिकटून त्यांचे श्वसन व वाढ रोखतात. काही पट्ट्या बांधण्यापूर्वी निर्जंतुक पाण्याने भिजवतात, सलाईनने नव्हे, कारण मिठातील क्लोराइड चांदीला बांधून ठेवते. भाजलेल्या जखमांसाठी 1965 मध्ये 0.5 टक्के सिल्व्हर नायट्रेटचा आणि 1968 मध्ये सिल्व्हर सल्फाडायझिनचा वापर पुढे आला. आजच्या फोमच्या व तंतूंच्या पट्ट्या त्याच परंपरेतल्या, मात्र प्रकारानुसार काही दिवस जागेवर राहणाऱ्या आणि त्यामुळे वारंवार पट्टी बदलण्याचा त्रास वाचवणाऱ्या आहेत.

चांदीबद्दलचे आकर्षण पुराव्यापेक्षा बरेच मोठे आहे, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. 2012 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्राने अशी पट्टी सुरुवातीला दोन आठवडे वापरून मग फेरविचार करण्याचे सुचवले होते. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचना तर अशा जखमा भरण्यासाठी जंतुनाशक पट्ट्या वापरू नयेत असेच सांगतात, कारण लाभाचा खात्रीलायक पुरावा नाही. मृत ऊती काढणे, पायावरचा भार हटवणे, रक्तपुरवठा तपासणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि संसर्ग खोलवर गेला असल्यास प्रतिजैविके देणे, हाच उपचाराचा गाभा. यांपैकी एकही काम महागडी पट्टी करू शकत नाही.

मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये, दररोज रात्री आरशात तळपाय पाहावेत, आणि लालसरपणा, सूज, पू, काळेपणा किंवा दुर्गंध दिसल्यास पट्टी विकत आणत बसण्याऐवजी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.