गणिताचा प्राध्यापक आणि खुला कोड

गैरसमज: गणिताला कागद-पेन्सिल पुरते. कोड लिहिणे हा प्राध्यापकाचा फावल्या वेळचा छंद.

वस्तुस्थिती: डिसेंबर 2017 मध्ये गणितज्ञ अपूर्व खरे यांनी गणितज्ञ टेरेन्स टाओ यांना एक प्रश्न विचारला आणि टाओंनी तो सगळ्यांपुढे खुला केला. a, b आणि त्यांचे व्यस्त एवढीच अक्षरे घेऊन शब्द बनवायचे. प्रत्येक शब्दाला लांबी द्यायची, पण अटी कडक. दोन शब्द जोडले तर लांबी त्यांच्या बेरजेहून जास्त नको. एकच शब्द सलग दहादा लिहिला तर लांबी बरोबर दहापट हवी. आणि रिकामा शब्द सोडून कोणाचीही लांबी शून्य नको. अशी मोजपट्टी असू शकते का?

गाडी अडली ती a, b, a चा व्यस्त, b चा व्यस्त या चार अक्षरी शब्दावर. याची लांबी किती खाली दाबता येते, यावर जो तो झटत होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सिद्धार्थ गाडगीळ (मूळ विषय टोपॉलॉजी) यांनी हे काम संगणकावर सोपवले. a आणि b ची लांबी प्रत्येकी 1 धरली, तर या शब्दाची लांबी 0.816 हून कमीच भरते, असे उत्तर आले. नुसता आकडा नव्हे. माणसाला ओळ न् ओळ वाचता येईल अशी सिद्धता. गणितज्ञ पेस नील्सन यांनी ती वाचली आणि तिच्यात दडलेली युक्ती हेरली. मग थोड्याच दिवसांत त्या शब्दाची लांबी थेट शून्यावर आली, म्हणजे अशी मोजपट्टी असूच शकत नाही. या निकालाचा सहा जणांचा शोधनिबंध 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. यात छंद कुठे आला? गाडगीळांचा ‘प्रूव्हिंगग्राउंड’ हा प्रकल्पही खुला आहे, कोणीही उघडून पाहावा.

गैरसमज: फुकटचे सॉफ्टवेअर म्हणजे कामचलाऊ.

वस्तुस्थिती: जगभरचे गणिताचे शोधनिबंध ज्या टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर जुळवले जातात, ते संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी फुकटच दिले. वर्षभरात उरकेल म्हणून 1977 मध्ये हाती घेतलेले ते काम दहा वर्षे पुरले. पण खरा मुद्दा पैशांचा नाहीच. सिद्धतेतली एक पायरी संगणकाने केली आणि तो प्रोग्रॅम कुलूपबंद असला, तर परीक्षकाने तपासायचे काय? गणितज्ञ विल्यम स्टाइन आणि डेव्हिड जॉयनर यांनी 2007 मध्ये हाच आक्षेप जाहीरपणे मांडला होता.

गैरसमज: नोकरी पक्की झाली की गणित आणि कोड ही दोन्ही कामे आरामात चालतात.

वस्तुस्थिती: चालतात, पण आरामात नव्हे. याच स्टाइन यांनी 2005 मध्ये सेज हे गणिती सॉफ्टवेअर सुरू केले. वॉशिंग्टन विद्यापीठात कायमची प्राध्यापकी असूनही 2016 मध्ये बिनपगारी रजा घेऊन ते पूर्णवेळ या कामाकडे वळले. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात. हजारो लोक रोज वापरतात तो कोड सहसा मोजला जात नाही. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. 2016 पासून ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’मध्ये कोडचीच छाननी करून छोटे निबंध छापतात, एवढाच काय तो दिलासा.

गैरसमज: हे बंगळुरू-मुंबईवाल्यांचे काम.

वस्तुस्थिती: लहान गावातल्या बीएस्सीच्या मुलीला सेज मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालवता येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे पायथनसारख्या विषयांचे धडे मराठीतही आहेत. तिथल्याच फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे सायलॅब या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवली आणि त्याचे मानधनही मिळवले. सुरुवात मोठ्या कोडने करायची गरज नाही. सेजमधल्या एखाद्या फंक्शनच्या माहितीपानातले चुकलेले उदाहरण दुरुस्त करून पाठवले, तरी ते काम तिच्या नावावर नोंदले जाते.