फुकट मिळालेली पाटी

बोलणाऱ्याची बोरेही विकतात, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु ज्याला काही विकायचेच नाही, केवळ सेवा द्यायची आहे, त्याने आपले म्हणणे लोकांपर्यंत कसे पोचवावे?

गेल्या वर्षी आईने मला विचारले, "बाहेरून दहावीला बसता येते का रे? बघ जरा मोबाइलवर." तिची शाळा आठवीत सुटली. मी गूगलवर शोधले, तेव्हा सर्वांत वर खाजगी क्लासच्या जाहिराती आल्या. फीचे आकडे ऐकून आईने विषय मिटवला. वास्तविक अशा स्त्रियांना मदत करणाऱ्या संस्था आहेत. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेचा 'सेकंड चान्स' हा उपक्रम शाळा सुटलेल्या मुली व स्त्रियांसाठीच आहे. मग वर क्लासच का दिसावेत?

कारण ती जागा लिलावात मिळते. आपण शोधासाठी शब्द लिहिले की त्या शब्दांवर जाहिरातदारांच्या बोली लागतात. बोलीची रक्कम आणि जाहिरातीची उपयुक्तता या दोहोंवरून क्रम ठरतो. जाहिरात नुसती दिसली म्हणून नव्हे, तर कोणी ती उघडली म्हणजे पैसे पडतात.

या बाजारात सेवाभावी संस्थांनाही उभे राहता यावे म्हणून गूगलने २००३ मध्ये 'ॲड ग्रँट्स' ही योजना सुरू केली. पात्र संस्थेला दरमहा १०,००० डॉलर, म्हणजे दररोज सुमारे ३२९ डॉलर किमतीपर्यंतच्या जाहिराती विनामूल्य करता येतात. रोख रक्कम मात्र मिळत नाही. संस्था नोंदणीकृत हवी व तिचे स्वतःचे संकेतस्थळ हवे. सरकारी कार्यालये, रुग्णालये आणि शाळा-महाविद्यालये यांना योजनेत स्थान नाही. या जाहिराती केवळ मजकुराच्या असतात आणि पैसे भरणाऱ्यांच्या खाली लागतात.

खरी कसोटी पुढेच आहे. 'शिक्षण' यासारखा एकटा, मोघम शब्द सहसा चालत नाही. शंभर वेळा जाहिरात दिसली तर ती निदान पाच वेळा उघडली गेली पाहिजे. सलग दोन महिने हे प्रमाण राखले नाही, तर खाते स्थगित होऊ शकते.

म्हणजे पाटी फुकट मिळाली, तरी तिच्यावर काय लिहावे हे कळले पाहिजे. संस्था लिहिते 'महिलांचे शैक्षणिक सबलीकरण'. तुळिंजच्या चाळीतली बाई शोधते 'बाहेरून दहावी' किंवा 'सतरा नंबरचा फॉर्म', तेही पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत मराठी किंवा हिंदी लिहून. या दोन भाषांची गाठ पडली नाही, तर दहा हजार डॉलरही व्यर्थच.

ही गाठ घालून देणे आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना जमण्याजोगे आहे. लोक कसे बोलतात हे आपण घरीच ऐकतो. एखाद्या संस्थेसाठी दोन तास बसून असे पन्नास शब्दप्रयोग लिहून दिले, तरी ती मोठी मदत ठरेल. माझ्या यादीतला पहिला शब्दप्रयोग आईचा असेल.